चार जुन्या फळ्या

भायखळा स्टेशनाबाहेर शांतारामच्या चपला-दुरुस्तीच्या ठेल्यापुढे वासंतीबाई अंगठा तुटलेली चप्पल घेऊन उभ्या होत्या. गुरुवारचं मौन, त्यामुळे कान तेवढे मोकळे. रांगेत पुढे रूथ आणि तिची मैत्रीण लविना.

"झालं गो तुझं फ्लोअरिंग?" लविनाने विचारलं.

"झालं. जुन्या फळ्या खाली तशाच. वर फोम, त्याच्यावर ते इंजिनिअर्ड लाकूड. आता कितीपण नाच, खाली आवाज जात नाय."

"म्हणजे खालच्या मजल्यावरचा कास्मीर सुटला. तू खुर्ची सरकवलीस की झाडूने छत ठोकायचा ना?"

"तोच वर आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा."

"थँक्यू बोलायला?"

"बोलला, दाराजवळच्या चार फळ्या उघड्या ठेव."

"कशाला?"

"सकाळी तुझी पावलं वाजली नाय, तर तू उठलीस की नाय मला कसं कळणार? एकटी राहतेस, बोलला."

"तो पण एकटाच."

"झाडू वाजला की मी पण समजते, आहे अजून."

"मग तू काय बोललीस?"

"बोलले, दिसायला वाईट दिसेल."

"आणि?"

"ठेवल्या. चपला काढायला जागा लागतेच."

शांतारामने रूथच्या सपाता उलट्या करून पाहिल्या.

"बाई, या घरात घालायच्या. टाचेला लोखंडी नाल मारले तर घरभर वाजतील."

"घरभर नाय वाजणार. दोन्हींना मार."