साखरवाल्या बाले गूळ

...नाही, पण मले सांगा, साखरेच्या धाकानं चहा सोडणारा माणूस दारू काहून सोडत नाही? माहा बा, पूनमसिंग! पुसदच्या डॉक्टरनं माह्यासमोर सांगतलं, "इतके वर्स पिऊन पिऊन स्वादुपिंड खराब केलं तुम्ही, म्हणून साखर वाढली. गोळी घ्या, दारू सोडा." अन् बा एसटीत मले म्हणते, "डॉक्टर येडा हाय, पोरी. दारू कडू असते. कडूनं साखर वाढन का कटन?" मले बोलाचं भेव वाटते हो, अन् न बोलल्याचं त्याहून जास्त!

मागच्या रविवारी आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात चुलतबहीण बबिताताईची सोयरीक ठरली. आमच्यात सोयरीक ठरली का गूळ वाटतेत, मग बाटली फिरते. गुळाचं ताट आलं तं बानं हात जोडले, "नाही भाऊ, मले शुगर हाय!" सगळे म्हणे, "वा! पथ्याचा पक्का!" अन् ग्लास आला तं... एक झाला, दुसरा झाला, तिसरा... सकाळपासून पोटात भाकरीचा तुकडा नाही, गोळी मात्र घेतलेली!

मग बाले घाम सुटला, हात थरथर, बोलणं बोबडं. देवीलालकाका हासते, "चढली! झोपू द्या त्याले." झोपू द्या? दवाखान्यातल्या नर्सबाईनं मले बजावलं होतं, गोळी अन् उपाशीपोटी दारू, साखर धाडकन खाली येते, झोपलेला माणूस उठत नाही. पण मी दाराआड, समोर एवढे माणसं, अन् मी तं वर्गात 'हजर' म्हणतानाही लाजते! मले भेव वाटते हो... बाचे डोळे मिटू लागले तशी धावली, ताटातला गूळ फोडला, बाच्या तोंडात कोंबला.

"अवं, शुगरवाल्याले गूळ? बापाले मारतं का?" काका ओरडले. माही याडी, म्हणजे माय, रडाले लागली. मी म्हटलं, "चाव, बा! चाव!" माहा आवाज मलेच ओळखू आला नाही.

पंधरा मिनिटं... काय सांगू तुम्हाले! मग बानं डोळे उघडले, घाम पुसला, भाकर मागतली. मले वाटलं, आता तरी सुटली दारू.

कुठची हो! तो तांडाभर सांगत फिरते, "दारूनं साखर खाली येते, सोताच्या डोयानं पाह्यलं! लय खाली गेली तं माही पोरगी हायच!"

मले भेव वाटते हो. येत्या रविवारी शेजारच्या राजकुमारची सोयरीक हाय. आमच्याकडं बायांले त्या बैठकीत जागा नसते... माह्यासाठी मात्र बाच्या बाजूला, गुळाच्या ताटापाशी, सतरंजी टाकणार हायेत.