पहिल्या दाजींचे रोलर

...आणि मेलेल्या माणसाशी बरोबरी करायची तरी कशी, तुम्हीच सांगा! जिवंत असता तर पोट सुटलं असतं त्याचं, गुडघे कुरकुरले असते, पण नाही, तो बसलाय भिंतीवर फोटोत, आहे तस्सा सडपातळ, आणि इकडे आमचा डेलबर्ट रोज म्हातारा होतोय...

तुम्हाला सांगतो, डेलबर्ट माझा जुना मित्र. अमेरिकेतल्या आमच्या डुलुथ गावच्या त्या उभ्या चढांवर आम्ही दोघांनी जन्मभर टपाल वाटलं. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. उतारवयात त्यानं मार्लिसशी लग्न केलं, तिचा पहिला नवरा आर्विड वारला होता, आम्ही सगळे खूश. पण लग्न करून राहायला गेला कुठं? आर्विडच्याच घरात! खुर्ची आर्विडची, कॉफीची किटली आर्विडची, बर्फ उपसायचं फावडंसुद्धा आर्विडनं निवडलेलं, आणि हे सगळं त्यानं गिळलं बरं का. घशात अडकले ते तळघरातले रोलर.

रोलर म्हणजे एक लोखंडी चौकट, तिच्यात तीन गुळगुळीत नळकांडी, मागं दोन, पुढं एक, आणि त्यांच्यावर आपली सायकल नुसती टेकवायची आणि मारायचं पायडल. बांधलेलं काही नाही, धरलेलं काही नाही! चाकं फिरतात, नळकांडी फिरतात, तुम्ही जागच्या जागी, आणि पाय थांबला की आडवे. बाहेर सरोवर गोठलेलं, रस्त्यावर काचेसारखा बर्फ, मग आमच्याकडचे सायकलवाले हिवाळाभर करणार काय?

तर एका रविवारी मार्लिसचा भाऊ रॉय जेवायला आला, आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "नवे दाजी, तुमचीही सायकल आहे ना? पहिले दाजी त्या रोलरवर हात सोडून बसायचे. चालवता चालवता संत्रं सोलून खायचे."

आणि मार्लिस हसली. झालं! डेलबर्ट मला म्हणाला, अशी ती माझ्यासाठी एकदाही हसलेली नाही रे. आता बायको हसली म्हणून जेवण कडू लागावं का माणसाला? पण लागलं.

दुसऱ्या दिवशी चढला की हा रोलरवर! सायकल ठेवली, बसला, पाय फिरवला, आणि भिंतीसारखा डावीकडं कोसळला, थेट कपडे धुवायच्या यंत्रावर. रोलरवरून घसरला की पुढं सुसाट जातो माणूस असं वाटतं ना? छे, कुठंच जात नाही, नुसता पडतो! मग मला बोलावणं आलं. मी म्हटलं, अरे बाबा, दाराच्या चौकटीत मांड ते, म्हणजे दोन्ही बाजूंनी कोपर टेकवता येईल, चाकाकडं बघू नकोस, समोर बघ, आणि हळू नको, जोरात मार, सायकल वेगातच सरळ राहते. पण हा ऐकतोय कुठं? याच्या डोक्यात एकच, आर्विड संत्रं सोलायचा!

पण चिकाटीचा माणूस. आधी कोपर टेकवून, मग नुसतं बोट टेकवून, मग चौकटीला न शिवता, पडत, उठत, दंडावर जांभळे डाग मिरवत आमचा म्हातारा खरंच चालवायला लागला हो! मी टाळ्या वाजवल्या. तर म्हणतो कसा, "एवढ्यानं काय होतंय? आर्विड संत्रं सोलायचा."

आणि एके दिवशी गेला की खिशात संत्रं घालून! एक हात सोडला, जमलं. दुसरा सोडला... आणि धाडकन कपडे वाळत घालायच्या घोडीवर, घोडी याच्यावर, सायकल दोघांवर. मार्लिस धावत खाली आली.

"हे काय चाललंय तुझं?"

"आर्विडला जमायचं ना," हा टॉवेलखालून म्हणाला, "मग मला का जमू नये?"

मार्लिस खालच्या पायरीवर बसली. "डेलबर्ट, ते कुणीच पाहिलेलं नाही रे. मीसुद्धा नाही. तो आतून कडी लावायचा, आणि वर येऊन जेवताना सांगायचा. कोपरं मात्र कायम सोललेली असायची."

"मग त्या दिवशी हसलीस का?"

"इतकी वर्षं ऐकलेली थाप, आठवली, हसले." मग तिनं जिन्यावरच्या दाराकडं बोट केलं. "तू दार उघडं ठेवून पडतोस. वर सगळं ऐकू येतं मला. एक नवरा गेला माझा. दुसरा संत्र्यापायी घालवू?"

हा उठला, सायकल सरळ केली आणि पुन्हा चढला, आणि तुम्हाला सांगतो, तिच्या देखत, दोन्ही हातांनी हँडल धरून, अशी चालवली, अशी चालवली, की तीच म्हणाली, पुरे आता, सूप गार होतंय. सोन्यासारखा दिवस! तिथं गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही! सूप पिता पिता हा विचारतो, "म्हणजे सगळ्या थापाच होत्या ना त्याच्या?"

आणि मार्लिस पडली खरं बोलणारी. "नाही रे. नाचायचा मात्र सुंदर. ते मी पाहिलंय, त्याच्या हातात माझाच हात असायचा."

...झालं.

आता दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पोल्का नाच शिकवतात, तिथं डेलबर्टनं नाव घातलंय. मार्लिसला कळू द्यायचं नाही, अचानक नाचून दाखवायचं म्हणे. पण तिथं जोडीनंच घेतात. आता उंचीला कमी कोण, रिकामा कोण, आणि नाही म्हणता न येणारा कोण?

बाईची पावलं पाठ होत आलीत माझी.