दाबून बघणाऱ्यांसाठी खिडकी

...आणि वर मलाच भोचक म्हणतात. आता तुम्हीच सांगा, शेजारच्या दारात पार्सल पडलंय, मालकीण घरात नाही, तर ते उचलून आपल्या घरात नको ठेवायला? आणि उचललं की हाताला लागणारच ना, मऊ आहे की कडक ते? मी फक्त अंगठ्यानं जरासं दाबून बघते. कापड असलं तर कळतं, पुस्तक असलं तर कळतं. उघडत नाही हो! उघडणारी बाई वेगळी, दाबणारी वेगळी. मला काय करायचंय दुसऱ्याच्या पार्सलशी?

पण ही शेजारची पोर... खोकेवाली म्हणते मी तिला, तोंडावरसुद्धा, ती हसते. एकटीच राहते. जाताना हातात खोकं, येताना हातात खोकं, आणि सुट्टीच्या दिवशी काय, तर जिन्यावरून खोकी खाली सोडून द्यायची. आमचे हे दुपारचे जरा आडवे झाले की धाड. हे म्हणाले, "बाँबबिंब असेल." म्हटलं, बाँब कोण असा आपटून बघतं? शेवटी सरळ चहाला बोलावलं आणि विचारलं, बाई गं, तुझ्या खोक्यात असतं तरी काय? तर म्हणते, "आत्ता नुसतं पाणी. पण खरं म्हणजे यकृत, काकू." चहा नाकात गेला माझ्या.

तर तुम्हाला सांगते, कुणाचं काढून आणलेलं नव्हे. ज्याचं यकृत कामातून गेलंय त्याच्याच पेशी घेतात, कसल्याशा साच्यावर चढवतात आणि प्रयोगशाळेत वाढवतात, कुंडीत रोप वाढवावं तसं. मग ते दुसऱ्या गावच्या इस्पितळात न्यायचं. त्याला जंतू लागता कामा नयेत, ते गार राहिलं पाहिजे, हिंदकळता कामा नये... हे सगळं सांभाळणारी पिशवी आमच्या खोकेवालीनं बनवायची. पिशवीत पिशवी, वर खोकं. मला माहेरहून आणताना कुणी एवढं जपलं नव्हतं.

म्हटलं, आणि हे आता कुणाला जाणार? "माहीत नाही." नाव? "सांगत नाहीत." बाई की बुवा? "काकू, मला फक्त रक्तगट माहीत आहे." आता रक्तगटावरून काय माणूस कळतो? मी असते तर एव्हाना त्याच्या आत्याचं सासर शोधून काढलं असतं. जाऊ दे, मला काय करायचंय?

मग एकदा बघते तर ही जिन्यात बसलेली. हातात किल्ली, पण कुलूप उघडायचं भान नाही. शेजारी बसले. किल्ली मुठीत आवळून म्हणाली, "टाकून दिलं, काकू." म्हणजे इस्पितळात पोचलं, तर दोन पिशव्यांच्या मधे ओल. कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं. जंतू शिरले असतील तर? मग कोण बसवणार ते पोटात? आता त्या माणसानं दुसरं वाढेपर्यंत वाट बघायची. "तेवढा वेळ आहे का गं त्याच्याकडे?" मी विचारलं आणि जीभ चावली. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, जेमतेम."

मग काय, पुन्हा धाडधाड. आपटून बघितलं, हलवून बघितलं, पिशवी काही फुटेना. आमचे हे कानात बोळे घालून झोपायला लागले, पण एका शब्दानं बोलले नाहीत. आणि एक दिवस मी तिचं पार्सल घेऊन दारात उभी, अंगठा आपला चाललाय, आणि ही नेमकी जिना चढून वर.

"काकू, का दाबताय?"

आता काय सांगणार? "आत काय आहे ते बघतेय गं."

"आणि आतलं दिसत असतं तर?"

"तर कशाला दाबलं असतं? मी काय वेडी आहे?"

पोर माझ्याकडे बघतच राहिली. आणि पार्सल न घेता आल्या पावली परत कामावर!

तिनं एकेकाला गाठून विचारलं. तर काय, वाटेत गारवा तपासायला ज्यानं ज्यानं खोकं उघडलं, त्यानं त्यानं पिशवीला अंगठा लावलेला. वाईटावर कुणीच नव्हतं हो. गाडीवाला म्हणाला, "ताई, जिवंत आहे म्हणाले, म्हणून जरा ऊब बघितली." बर्फात ठेवलेल्या वस्तूची ऊब! इस्पितळातला मामा म्हणाला, "बाळासारखं वाटलं, हात गेला." दाबलं की पिशवीला चुणी पडायची, आणि चुणीवर चुणी पडून तिथंच भोक. हिचे साहेब म्हणाले, "हात लावू नये अशी पाटी चिकटवा." तर ही म्हणते, "साहेब, आमच्या काकू पाटी वाचून मग दाबतील." मलाच येऊन सांगते वर.

मग तिनं पिशवीवर कडक पारदर्शक कवच घातलं आणि खोक्याला खिडकी ठेवली. बघा काय बघायचं ते पोटभर, बोट पोचणार नाही.

दुसरं यकृत वाढवून इस्पितळात पाठवलं त्या दिवशी ती माझ्याकडेच बसून होती. फोन टेबलावर, चहा गार. मी तीच भांडी पुन्हा पुन्हा पुसत होते. वाजला एकदाचा. ती नुसतीच "हो... हो..." आणि मला खुणेनं विचारताही येईना, कधी नव्हे ते. फोन ठेवून म्हणाली, "कोरडं होतं, काकू. बसवलं. काम करतंय." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. मला काय करायचं होतं, तरी रडले.

मग विचारलं, अगं, पण माणूस कोण?

"ते नाही कळवत, काकू. कधीच."

"आणि तुला चालतं हे?"

डोळे पुसत म्हणाली, "नाही."

आता संध्याकाळी दोघी गॅलरीत उभ्या असतो. इस्पितळ दुसऱ्या गावी असलं म्हणून काय झालं, बरा झाला की माणूस हिंडणारच. काल खाली एकजण स्कूटरवाल्याशी तावातावानं भांडत होता, तर ही मला कोपरानं ढोसते, "काकू, हा असेल का? रंग चांगला आहे, कावीळ दिसत नाही." आणि मग हळूच म्हणते, "खाली जाऊन विचारता का?"

काय सांगू तुम्हाला, एवढी शिकलेली, शहाणी मुलगी... माझ्या शेजाराला राहून पार वाया गेली.