हिरवा दिवा आणि माझा पंखा

आदरणीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती मिस्त्री, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या वहिनी, आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी धुलाई विभागाची. आयुष्य चादरींच्या घड्या घालण्यात गेलं, तेव्हा भाषण जरा चुरगळलेलं वाटलं तर सांभाळून घ्या. आधीच्या दोन्ही वक्त्यांनी मिस्त्रींना स्वतः झिजून टाकी वाचवणाऱ्या कांडीची उपमा दिली. टाळ्या चालू असताना मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, ती कांडी आपण भंगारात टाकली."

वॉर्डातल्या मंडळींना हे कांडी प्रकरण ठाऊक नसेल. तळघरात आपली गरम पाण्याची टाकी आहे. पाणी लोखंडाला आतून खातं. म्हणून पूर्वी टाकीत मॅग्नेशियमची कांडी सोडलेली असायची, पाणी टाकीऐवजी तिला खायचं. दोन वर्षांनी बाहेर काढली की दाणे काढलेल्या कणसासारखी दिसायची. मग मिस्त्रींनी साहेबांच्या मागे लागून विजेवर चालणारी कांडी बसवून घेतली. ॲनोड म्हणतात तिला. ती झिजत नाही, वीजही नावापुरती घेते. अट एकच, तिचा प्लग कधी काढायचा नाही. भिंतीवर तिची छोटी डबी आणि डबीवर हिरवा दिवा. मिस्त्री रोज संध्याकाळी पाचला येऊन तो दिवा बघून जायचे. घरच्या लेकीच्या अभ्यासाकडे नसेल इतकं त्या दिव्याकडे लक्ष. खरं ना, वहिनी? बघा, मान हलवली.

आता मूळ मुद्द्यावर येणं भाग आहे. आमचं इस्त्रीचं टेबल टाकीच्या खोलीतच. उकाडा असा की चादरी वाळायच्या आणि आम्ही भिजायचो. सॉकेट दोन, एक इस्त्रीचं आणि एक त्या डबीचं. एका दुपारी मी डबीकडे नीट पाहिलं. दिवसभर नुसता दिवा लावून बसलेली, काम काही दिसत नाही. मी तिचा प्लग काढला आणि माझा टेबलफॅन लावला. पावणेपाचला पंखा काढायचा, डबी पुन्हा जोडायची. मिस्त्री यायचे, हिरवा दिवा बघून समाधानाने जायचे. जवळजवळ वर्षभर हे चाललं. काय हुशारी म्हणावी माझी?

मग एक दिवस नळाला तांबूस पाणी आलं. शस्त्रक्रिया विभागाच्या पांढऱ्याशुभ्र चादरी चहात बुडवल्यासारख्या निघाल्या. टाकी उघडली तर आतून गंजलेली. साहेबांनी विचारलं, "काय हो, तुमची ती विजेची कांडी?" मी दाराआड उभी होते. मिस्त्री एवढंच म्हणाले, "माझं लक्ष कमी पडलं, साहेब."

त्यांना मेमो मिळाला. हेडमिस्त्रीची जागा त्याच वर्षी भरायची होती, ती बाहेरून आलेल्या माणसाला गेली. मी गप्प राहिले. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती हे खरं, पण मी घाबरट होते हे जास्त खरं.

मला वाटलं, कुणाला काही कळलं नाही. नवी टाकी बसली त्या दिवशी खाली गेले, तर भिंतीवर तिसरं सॉकेट. वर मिस्त्रींच्या अक्षरात चिठ्ठी, 'पंखा इथे लावा.'

याला नऊ वर्षं झाली. त्यांनी एकदाही विषय काढला नाही, मीही नाही. रोज पाचला यायचे, दिवा बघायचे आणि जाता जाता विचारायचे, "बाई, वारा लागतोय ना?" त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. ते खरंच विचारायचे, आणि मला रोज लाज वाटायची.

साहेब, हा घ्या कागद, माझा लेखी जबाब. नऊ वर्षांपूर्वीचा तो मेमो मिस्त्रींच्या फायलीतून काढून माझ्या फायलीत लावावा, ही विनंती. मिस्त्री, तुम्ही हात हलवून मला थांबवू नका. आज मी तुमचं ऐकणार नाही.

आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आणि मी जास्त घेतली तेव्हा घड्याळ दाखवलं नाही, त्यांची मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. आणि नऊ वर्षं न बोलण्यात जे झालं, ते मिस्त्रींनी.

तेवढा तो स्टेजवरचा पंखा कुणीतरी त्यांच्याकडे वळवा.