गप्पी माशांचा पाहुणचार

तलासरीच्या त्या माशांचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. फवारणी न करता डेंग्यूचे डास आटोक्यात येतात का, यावर आमचं संशोधन चाललं होतं. एका पाड्यात घरोघरच्या टाक्यांत आम्ही गप्पी मासे सोडले. ते डासांच्या अळ्या खातात. पुढच्या फेरीला बाकी टाक्या साफ, पण रखमीमावशींच्या टाकीत अळ्याच अळ्या. आणि मासे चांगले गुबगुबीत.

आमचे डॉक्टर चक्रावले. "पाण्याचा नमुना घ्या. या एका टाकीपायी सगळा अभ्यास बोंबलेल."

तेवढ्यात मावशी ताट घेऊन आल्या आणि टाकीत मूठभर भात सोडला.

"मावशी, त्यांना काही घालायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "भूक लागली तरच ते अळ्या खातील."

मावशींचा चेहरा पडला. "माझ्या दारात येऊन किडे खायचे?"

"अहो, ते पाहुणे नाहीत, कामाला आलेत."

"तुमी पण कामालाच आलात ना? मग तुमच्यासाठी कोंबडी शिजत घातलीय, तिचं काय करू?"

डॉक्टर हातपाय धुऊन जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि हळूच मला म्हणाले, "माशांची काही चूक नाही रे."