दारावरचं लिंबू

हसू नकोस हं यार, पण त्या दिवसापासून मला झोप नाही. मुलगी झाली तेव्हापासून आमच्या मुलुंडच्या घराच्या दारावर बायको दर शनिवारी नवं लिंबू-मिरची टांगते. जुनं रस्त्यावर टाकायचं असतं. मी म्हटलं, फेकायचं कशाला? त्यातल्या बिया काढून बेडरूममध्ये कुंडीत पेरल्या.

बायको म्हणाली, "एसीच्या गारव्यात काय उगवणार?"

उगवलं ना! झकास रोप आलं. फक्त ते खिडकीकडे वळेना. उजेड सोडून माझ्या खुर्चीकडे झुकायचं. कुंडी फिरवली, तरी परत माझ्याचकडे.

मुलगी आजारी, दूध टाकत होती, म्हणून मालवणहून आई आली. रोपाकडे बघत म्हणाली, "बी खंयसून आणलंस रे?"

मी सांगितलं. ती मटकन खाली बसली.

"तां लिंबू राखणीचा. ज्याची नजर लागता, त्याच्याकडेच तां बघता."

मी हसलो. "अगं, इथे माझी नजर कोणाला लागणार?"

आई उठली, माझ्या मांडीवरून मुलीला उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.