साधं भरायचं की खास?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या पेट्रोल पंपाचे मालक, व्यासपीठावरचे इतर पंपांचे व्यवस्थापक, सत्कारमूर्ती काका, काकू आणि पाळी बदलून कशीबशी सवड काढलेले माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

आमच्या व्यवस्थापकांना सगळे झाकणकाका म्हणतात, हे काकूंना ठाऊक आहे का? असेलच. गाडी थांबली की काका आधी टाकीचं झाकण उघडणार, आत चिकटवलेली गाडीच्या कंपनीची सूचना मोठ्याने वाचणार आणि मगच विचारणार, "साधं की खास?" आम्हालाही त्यांनी तीच रीत लावली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. काका म्हणायचे, "वाजवू दे, त्याला पेट्रोल लागत नाही."

आता खास म्हणजे जास्त ऑक्टेनचं, महागडं पेट्रोल. ते वाईट आहे का? मुळीच नाही. ज्या इंजिनात दाब जास्त, तिथे साधं पेट्रोल वेळेआधी पेट घेतं आणि इंजिन खडखडतं. अशा गाडीला खासच हवं. पण ज्या गाडीला साधं चालतं असं ती बनवणारेच सांगतात, तिच्यात जादा पैसे ओतून मिळवायचं काय? मनाचं समाधान. ते विकायला काका तयार नव्हते. व्यासपीठावर कोणी चुळबुळ करू नये, मी अजून कौतुकच करतेय.

अर्थात काकाही चुकतात. गेल्या उन्हाळ्यात एक डॉक्टरबाई नवी कोरी गाडी घेऊन आल्या आणि त्यांनी स्वतःहून खास मागितलं. दिवसभर "तुम्हाला गरज नाही" म्हणून म्हणून काकांच्या जिभेला तेच वळण पडलेलं. झाकण उघडलं, पण वाचलं नाही. म्हणाले, "बाईसाहेब, उगाच कशाला? साधं घ्या." चढावर गाडी खडखडायला लागली, वेग धरेना. बाई तणतणत परत आल्या. काकांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "चूक माझी," म्हणाले.

मालकांनी तीच चूक धरली. त्यांनी नियम काढला: झाकणात डोकावायचं नाही, विचारायचं नाही, सरसकट खास भरायचं. काका म्हणाले, "मी या खुर्चीत असेपर्यंत नाही." म्हणून हा निरोप निवृत्तीच्या आधीच होतोय. पत्रिकेवर 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं छापलंय. काका, मला तर तुमची प्रकृती ठणठणीत दिसते.

उद्यापासून त्या खुर्चीत मी बसणार आहे आणि नियमही उद्यापासूनच आहे. तो मी या भाषणात जाहीर करावा, असं अध्यक्षांनी मघाशी चहाच्या टेबलापाशी मला सांगितलं. नाही केला तर खुर्चीचा फेरविचार होईल, हेही सांगितलं. माझ्या सासूबाई दुसऱ्या रांगेत बसल्यात. घरातून निघताना म्हणाल्या, "सूनबाई, चालून आलेलं पद आहे, तोंडाला आवर घाल." आई, मला भीती वाटतेय. म्हणून माइकचा दांडा घट्ट धरलाय.

तर अध्यक्ष महोदय, नियम जाहीर करते. त्याआधी एकच विचारते. आपली स्वतःची गाडी आपल्याच पंपावर येते. तिच्यात आम्ही काय भरतो? सहकाऱ्यांनी कृपया हसू नये. काच खाली करून आपण म्हणता, "साधंच भर गं." योग्यच आहे, त्या गाडीला तेच लागतं. मग उद्या आपली गाडी आली की मी नव्या नियमाप्रमाणे, न विचारता, खास भरू का?

मी थांबते. घाई नाही.

अध्यक्षांपासून माइक लांब आहे, मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. अध्यक्ष "नको" म्हणाले.

मग तोच नियम मी सर्वांसमोर जाहीर करते. उद्यापासून आमच्या पंपावर कोणाच्याही गाडीत न विचारता खास भरलं जाणार नाही.

काका, तुम्ही खाली बघू नका. आज तुमचा सत्कार आहे.

आपण सगळे आलात, शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. खुर्ची राहिली तर पंपावर भेटूच. नाही राहिली, तर जाताना कोणीतरी माझ्या सासूबाईंची समजूत घाला.